मुलांना सेफ्टी शिकवायचीय: एका दिवसाचं शिबिर की घरचा रोजचा सराव?

सुट्टी लागली की सोसायटीच्या ग्रुपवर हमखास कोणीतरी विचारतं, सेफ्टीचं शिबिर लावू का, की घरीच शिकवू? माझा मोठा ११ वर्षांचा, धाकटी ६ ची, दोन्ही करून झालंय म्हणून सांगते.

आधी व्हिडिओचं. व्हिडिओ बघून मुलं घडाघडा बोलतात, पण वेळेला हात चालत नाही. धाकटीला ११२ पाठ होता, पोलीस, फायर ब्रिगेड, ॲम्ब्युलन्स सगळं त्या एका नंबरवर मिळतं हेपण माहीत होतं. एकदा लॉक केलेला मोबाइल तिच्या हातात देऊन म्हटलं, आई पडलीय, लाव फोन. तर ती रडकुंडीला येऊन पासवर्ड विचारायला लागली. लॉक स्क्रीनवरच इमर्जन्सी लिहिलेलं असतं, तिथून पासवर्डशिवाय फोन लागतो, हे आम्ही कधी दाखवलंच नव्हतं. आता दाखवलंय, फक्त बोट तिथपर्यंत न्यायचं, खरा कॉल लावायचा नाही, कारण त्या वेळी कोणाला खरंच गरज असू शकते.

शिबिराचा किंवा अग्निशमन केंद्राच्या भेटीचा खरा फायदा आगीच्या बाबतीत. फायर एक्स्टिंग्विशरची पिन ओढायला किती जोर लागतो, नळी ज्वाळेवर नाही तर आगीच्या बुडाशी धरायची, धुरात वाकून, रांगत बाहेर पडायचं, हे घरी नाही जमत आणि जमवायला जाऊपण नका. १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो, १९४४ साली १४ एप्रिललाच मुंबई गोदीत स्फोट झाला आणि आग विझवताना ६६ जवान गेले, त्यांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात बऱ्याच ठिकाणी प्रात्यक्षिकं असतात, तेव्हा आधीच चौकशी करून ठेवा. पण गर्दी बघा हं. मोठ्याला नेलेल्या एका शिबिरात पन्नासेक मुलं आणि एक्स्टिंग्विशर एकच, त्याच्या हातात तो आलाच नाही, नुसता बघून परत आला. म्हणून फी विचारण्याआधी विचारायचं, प्रत्येक मुलाला स्वतः करायला मिळणार का?

बाकी सगळ्यात मला घरचा सरावच उजवा वाटतो. बंद गाडीत, चावी आपल्या खिशात ठेवून, मुलीला ड्रायव्हरच्या सीटवर बसवा आणि तिचं दप्तर गाडीच्या अगदी मागे जमिनीवर ठेवा. तिन्ही आरशांत शोध म्हणावं. धाकटीनं मान वाकडी करकरून शोधलं, दिसेना, मग हळूच म्हणाली, "म्हणजे मी तिथं उभी असले तर मीपण दिसणार नाही?" त्यानंतर उभ्या टेम्पोमागून ती कधी पळाली नाही, आधी दोन वर्षं मी ओरडून थकले होते!

भाजण्याचंही तसंच. भाजलं तर २० मिनिटं नळाचं पाणी, टूथपेस्ट नाही, बर्फ नाही, हे सगळे सांगतात, पण हात नळाखाली धरायला लावा (खाली बादली ठेवा, पाणी झाडांना होतं), दोन मिनिटांत कंटाळतात आणि मग २० मिनिटं म्हणजे किती ते कळतं. गॅसचं वयाप्रमाणे. लहान मुलानं वास आला की कुठलंच बटण चालू किंवा बंद न करता बाहेर पडून मोठ्यांना हाक मारायची, एवढंच. मोठ्याला मी रेग्युलेटर बंद करायला, खिडक्या उघडायला आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला, म्हणजे गॅसगळतीच्या हेल्पलाइनला, फोन करायला शिकवलंय, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो, हेपण.

घरच्या सरावाला पैसे लागत नाहीत पण महिनोन्महिने लागतात आणि आपल्यालापण तसंच वागावं लागतं. आईबाबा दोघंही उशिरा येत असतील तर आजी-आजोबांना सामील करून घ्या, दुपारी मुलं त्यांच्याकडेच तर असतात.

तर माझं मत, आठ वर्षांच्या आतल्या मुलाला शिबिराची घाई नको, घरी शिकवा. नऊ-दहाच्या पुढे घरचं चालू ठेवून आगीपुरतं एखादं नीट, कमी मुलांचं शिबिर जरूर करा. धाकटी सध्या एकटी डेअरीपर्यंत जायला शिकतेय, मी दहा पावलं मागे. फुटपाथ नाही म्हणून उजव्या कडेनं, समोरून येणाऱ्या गाड्या बघत चालते, पण रस्ता ओलांडायच्या आधी अजून वळून माझ्याकडे बघते, त्यामुळे ते दहा पावलांचं अंतर मी इतक्यात वाढवणार नाहीये.