जुनी बॉक्स्टर की जुनी झेड-फोर?

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला चौघांनी विचारला, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. दहा-बारा हजार युरो बाजूला पडले आहेत, रोजच्या वापराला वेगळी गाडी आहे, आणि आता दोन सीटांची, टप उघडणारी एखादी गाडी घ्यायची मनात आहे. जर्मनीत या पैशात शोधायला बसलात की दोन नावं पुन्हा पुन्हा समोर येतात: पोर्शची पहिली बॉक्स्टर, म्हणजे ९८६, आणि बीएमडब्ल्यूची पहिली झेड-फोर, म्हणजे ई-८५. मी स्टुटगार्टजवळ राहतो. या दोघींच्या मागे मी एक अख्खा हिवाळा घालवला. सात गाड्या बघितल्या, चार चालवल्या, एक घेतली. घेतली ती झेड-फोर. पण आधी बॉक्स्टरबद्दल बोलतो, कारण घरातून निघालो होतो तिच्यासाठीच.

ऑडी टीटी आणि मर्सिडीज एसएलके यांचाही विचार केला होता, पण फार वेळ नाही. टीटी आजही रस्त्यात दिसली तर मी वळून बघतो, इतकी ती देखणी आहे. मात्र तिचा सांगाडा फोक्सवॅगन गोल्फचा, इंजिन पुढे आडवं बसवलेलं. मला हवी होती ती जात वेगळी. एसएलकेचं पत्र्याचं टप १९९६ साली मोठी कमाल होती, पण ते उघडलं की डिकीतच येऊन बसतं आणि सामानाची निम्म्याहून जास्त जागा खातं. नवरा-बायकोनं दोन दिवस बाहेर जायचं तर टप उघडायचं की बॅगा न्यायच्या, हे घरातून निघतानाच ठरवावं लागतं. ज्यांची गाडी बारा महिने रस्त्यावर उभी राहणार आहे त्यांनी मात्र एसएलके जरूर बघावी. कापडी टपाची काळजी तिथे नाही.

बॉक्स्टर चालवण्यात जो आनंद आहे त्याला तोड नाही, हे मी मनापासून सांगतो. इंजिन तुमच्या पाठीमागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, म्हणजे गाडीच्या पोटात. त्यामुळे वळणावर नाक इतकं सहज आत येतं की पहिल्या दोन वळणांवर मी स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवलं होतं. स्टिअरिंग हायड्रॉलिक. डांबराचा पोत बदलला, बुजवलेला खड्डा आला, तरी तळहाताला कळतं. आणि इंजिन चढत गेलं की डोक्यामागून जो आवाज येतो तो रेडिओ बंद करायला लावतो.

मॉडेलांचं थोडक्यात सांगतो. सुरुवातीचं २.५ लिटरचं इंजिन २०४ हॉर्सपॉवरचं. २००० च्या मॉडेलपासून २.७ आलं आणि सोबत ३.२ लिटरची ‘एस’. २००३ च्या मॉडेलपासून मागची खिडकी काचेची झाली. त्याआधी ती प्लॅस्टिकची होती. प्लॅस्टिकची खिडकी टप घडी होताना मधोमध हाताने दाबून नीट दुमडावी लागते, नाहीतर पांढरी रेघ उठते आणि ती जात नाही. थंडीत तर टपाला हातच लावू नये. शक्य असेल तर काचेचीच घ्या. काही विकणारे ‘ही अस्सल स्टुटगार्टची आहे’ असं सांगून भाव चढवतात. बऱ्याच बॉक्स्टर फिनलंडमधल्या ऊसिकाउपुंकी गावात जोडलेल्या आहेत. चासी नंबरातलं अकरावं अक्षर ‘यू’ असेल तर ती तिकडची, ‘एस’ असेल तर इकडची. मला त्यात फरक दिसला नाही. आणि झेड-फोर म्हणाल तर ती युरोपातली नाहीच, अमेरिकेत साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला बनलेली आहे.

आता माझं कुठे अडलं ते सांगतो.

श्वेबिश आल्बच्या एका गावात एक निवृत्त गृहस्थ त्यांची २.७ विकत होते. गाडी चांगली राखलेली, सर्व्हिस बुक भरलेलं, बिलांची जाड फाइल. त्यांनी पुढचं झाकण उघडलं: सामानाची जागा, स्टेपनी. मागचं उघडलं: पुन्हा सामानाची जागा, आणि एका कडेला ऑइल टाकायचं तोंड, ऑइलची पट्टी आणि कूलंटचं झाकण. बस. एवढंच.

माझे वडील कोल्हापूरला उद्यमनगरात चाळीस वर्षं गाड्यांची कामं करत आले. मी त्यांना व्हिडिओ कॉल लावला होता.

‘अरं, ह्या दोन्हीकडं डिकीच हाय. इंजिन कुठाय?’

‘आबा, मधे आहे. वरून दिसत नाही.’

‘मग तू बघायला काय गेलायस तितं?’

मला त्यांना उत्तर देता आलं नाही. मी पुठ्ठा टाकून ओल्या अंगणात आडवा झालो, टॉर्च मारून इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडाला ऑइल पाझरतंय का ते बघितलं. कोरडं होतं. पण यापलीकडे मी काय तपासू शकत होतो? त्या इंजिनापर्यंत वरून पोचायचं तर टप अर्धवट उचलून धरायचं, कार्पेट काढायचं, मग खालचं पत्र्याचं झाकण सोडवायचं. पुढच्या बाजूच्या बेल्टला आणि पाण्याच्या पंपाला हात घालायचा तर सीटच्या मागचा पॅनेल काढायचा. स्पार्क प्लग बदलायचे तर गाडी वर उचलून खालून. दुसऱ्याच्या अंगणात यातलं काहीही करता येत नाही.

हे एरवी चाललं असतं, पण या इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, खाली एक मधला शाफ्ट आहे. क्रँक त्याला फिरवतो आणि त्याच्यावरून साखळ्या व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे जातात. या शाफ्टचं गिअरबॉक्सकडचं टोक एका बंद बेअरिंगवर फिरतं. ते बेअरिंग गेलं की टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ, सुटतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन संपतं. सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांची दुहेरी रांग होती, २००० च्या सुमारास एकेरी आली, आणि ती जास्त नाजूक मानली जाते. सगळ्यांचंच जातं असं अजिबात नाही. लाख-दीड लाख किलोमीटर बिनतक्रार चाललेल्या कितीतरी गाड्या आहेत. बेअरिंग बदलताही येतं, फक्त त्यासाठी गिअरबॉक्स आणि क्लच उतरवावा लागतो. म्हणून लोक क्लच बदलतानाच ते करून घेतात. मी दोन ठिकाणी विचारलं तेव्हा क्लच, सील आणि बेअरिंग मिळून अंदाज दोन हजार युरोंच्या वर गेला होता. त्या गृहस्थांच्या फाइलमध्ये सगळं होतं, हेच बिल नव्हतं.

खर्चाचं मला तितकं वाटलं नाही. दोन हजार युरो किमतीत धरता येतात. खटकलं ते हे, की ज्या गोष्टीची सगळ्यात जास्त काळजी आहे ती गोष्ट बघता येत नाही, ऐकता येत नाही, आणि गाडी घेतल्यावरही रविवारी सकाळी झाकण उघडून तिच्याशेजारी उभं राहता येत नाही. मी कदाचित फार जुन्या वळणाचा असेन. पण घरी परत येताना मला कळून चुकलं होतं की ही गाडी मी रोज थोडा धास्तावूनच चालवीन.

झेड-फोर मी तीन आठवड्यांनी एसलिंगेनच्या बाजूला बघितली. ३.० आय, मॅन्युअल, फेसलिफ्टच्या, म्हणजे मॉडेलच्या मधल्या सुधारणेच्या, आधीची. मी येईपर्यंत सुरू करू नका असं विनवून ठेवलं होतं. पोचल्यावर आधी बॉनेट उघडायला लावलं आणि इंजिनावर हात ठेवला. गार. सहा सिलिंडर एका रांगेत, पुढून मागे, लांबच्या लांब. बाजूला हात घालायला जागा. ऑइलचं झाकण काढून आतली बाजू बोटाने पुसली. ऑइलमध्ये पाणी मिसळल्याची खूण असलेली पांढरट साय नव्हती. पट्टी काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग गाडी सुरू करायला सांगितली आणि खिशातून लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर काढला. हे आबांचं शिक्षण: टोक इंजिनाच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला. व्हॉल्व्ह कव्हरवर सहा ठिकाणी ठेवून ऐकलं. इंजेक्टरची बारीक टिकटिक, साखळीची एकसारखी सरसर. अल्टरनेटर स्वच्छ, पाण्याचा पंप स्वच्छ. बेल्टची एक पुली किंचित घरघरत होती, वयोमानानं घरघरते तशी. विकणारा माणूस शेजारी उभा राहून बघत होता. मी स्क्रू-ड्रायव्हर त्याच्या हातात दिला, त्यानेही ऐकलं, आणि काही न बोलता किंमत थोडी कमी केली.

हे इंजिन, म्हणजे एम-५४, बीएमडब्ल्यूने ३३०, ५३०, एक्स-५ अशा अनेक गाड्यांत घातलं. त्यामुळे सुटे भाग कुठेही मिळतात आणि ते उघडलेला मिस्त्री प्रत्येक गावात भेटतो. ऑइल फिल्टर वरूनच निघतो. प्लग वरूनच बदलतात. पहिल्या उन्हाळ्यात मी ती पुली, बेल्ट, थर्मोस्टॅट आणि कूलंटची प्लॅस्टिकची टाकी बदलली, सगळं भाड्याच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या हाताने.

झेड-फोरचीही दुखणी आहेत आणि ती लपवणं बरोबर नाही. या वयाचं एम-५४ थोडं ऑइल पितं. दर हजार किलोमीटरला पट्टी बघायची सवय लावा. कूलिंगचं सगळं प्लॅस्टिक आता म्हातारं झालेलं असतं, ते फुटायची वाट न बघता बदलावं. मागच्या स्प्रिंगा तुटतात, ते ट्यूफच्या, म्हणजे इथल्या सक्तीच्या, तपासणीत सापडतं. आणि टप उघडणारा हायड्रॉलिक पंप डाव्या कोपऱ्यात अगदी तळाशी बसवला आहे. तिथली पाणी जायची नळी पानांनी तुंबली की पाणी साचून पंप बुडतो. म्हणून बघायला जाल तेव्हा टप चार वेळा उघडझाप करून घ्या आणि मोटरचा आवाज एकसारखा आहे का ते ऐका.

चालवण्यात बॉक्स्टर सरस आहे, हे मी पुन्हा सांगतो. झेड-फोरचं स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे, हाताला कमी कळतं. आणि तुम्ही जवळजवळ मागच्या चाकांवर बसलेले असता, त्यामुळे काँक्रीटच्या रस्त्याचे सांधे थेट कमरेला जाणवतात. मूळचे कडक रन-फ्लॅट टायर (हवा गेली तरी काही अंतर चालणारे) काढून साधे टायर घातल्यावर, निदान माझ्या कमरेच्या मते, अर्धा त्रास गेला. पंक्चरचं किट तेवढं सोबत ठेवावं लागतं. पण दुसरी बाजूही आहे. बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटकडे जाणारा बी-५०० हा ब्लॅक फॉरेस्टचा रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये, टप उघडून, समोर ते लांब बॉनेट वळणामागून वळण घेताना बघत चालवला की मला दुसरी गाडी आठवत नाही. खालच्या आरपीएमलाही हे इंजिन ओढतं. घाई नसताना ही गाडी जास्त गोड चालते, असं माझं मत झालं आहे, आणि माझं बहुतेक फिरणं बिनघाईचंच असतं.

खर्चात दोघींत मोठा फरक नाही. त्या काळच्या पेट्रोल गाड्यांना कर दर १०० सीसीला ६.७५ युरो, म्हणजे २.७ बॉक्स्टरला वर्षाला १८२ आणि ३ लिटरच्या झेड-फोरला २०२. एप्रिल ते ऑक्टोबर अशी मोसमी नंबरप्लेट घेतलीत तर त्या सात महिन्यांचाच कर आणि विमा भरावा लागतो. एक लक्षात ठेवा: उरलेल्या महिन्यांत गाडी सार्वजनिक रस्त्यावर उभीसुद्धा करता येत नाही. बंद जागा आधी शोधा, गाडी नंतर. आणि ही गाडी पुढे भारतात नेता येईल का, असं दोघांनी विचारलं. नाही. वापरलेली गाडी नेण्यासाठी ती तीन वर्षांच्या आतली आणि उजव्या स्टिअरिंगची लागते. ही इथेच चालवायची आणि इथेच विकायची.

मग बॉक्स्टर कोणी घ्यावी? ज्यांना स्वतः पाना धरायचा नाही, ज्यांचा ओळखीचा भरवशाचा मेकॅनिक आहे, आणि ज्यांना वळणांचं वेड आहे, त्यांनी. तुम्हाला काचेच्या खिडकीची, २००३-०४ ची, बेअरिंग आणि क्लच बदलल्याचं बिल असलेली बॉक्स्टर बजेटमध्ये मिळाली तर माझं ऐकून सोडू नका. बिलावर तारीख, किलोमीटर आणि कोणतं बेअरिंग घातलं ते लिहिलेलं असावं; ‘केलंय, कागद सापडत नाही’ हे उत्तर चालणार नाही. असं बिल नसेल तर दोन हजार युरो किमतीतून कमी करून मागा, आणि घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात ते काम उरका.

आणि झेड-फोर बघायला जाणार असाल तर फेसलिफ्टच्या आधीची ३.० आय बघा, इंजिन गार असतानाच पोचा, आणि लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर बरोबर ठेवा.