पंप की इंजिन? जुनी डिझेल अँबॅसिडर ओढेनाशी झाली तर

1489 सीसीच्या बीएमसी (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) डिझेल इंजिनाची अँबॅसिडर नवी होती तेव्हाही वेगासाठी कुणी घेत नव्हतं. जेमतेम 40 अश्वशक्ती, वर टनाहून जास्त वजन. त्यामुळे ती हळू आहे ही तक्रार होऊच शकत नाही. पूर्वी तिसऱ्या गिअरवर निघणारा चढ आता दुसऱ्यावरही निघेना, ही खरी तक्रार. ती घेऊन गॅरेजमध्ये गेलात की दोनपैकी एक उत्तर मिळतं: ‘पंप-नोझल करून घ्या’ नाहीतर ‘इंजिन उतरवावं लागेल’. पंप म्हणजे डिझेल दाबाने पाठवणारा इंजेक्शन पंप, आणि नोझल म्हणजे ते सिलिंडरमध्ये फवारणारं तोंड. दोन्हींच्या खर्चात मोठी तफावत आहे, म्हणून आपल्या गाडीला कुठलं लागू पडतं ते आधी घरीच पाहून घ्यावं.

त्याआधी फुकटातल्या गोष्टी. सपाट रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहा. जड जात असेल किंवा थोडं फिरून आल्यावर एखादा ड्रम चटका देण्याइतका तापत असेल, तर ब्रेक धरून बसलाय. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडी पुढे सरकत नाही, तर क्लच. आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायला सांगून पंपावरचा लिव्हर शेवटपर्यंत जातो का ते बघा. जुन्या गाडीत हे सांधे इतके झिजतात की पाय तळाला टेकतो आणि लिव्हर अर्ध्यातच थांबतो.

आता मुख्य प्रश्न. सगळ्यात बोलकी खूण म्हणजे धूर. चढावर पूर्ण दाबूनही जोर नाही आणि धूरही नाही, तर डिझेल पोचतच नाहीये. इंजिनाला दोष देऊ नका. काळा धूर म्हणजे डिझेल आहे, पण ते नीट जळत नाही: एअर फिल्टर तुंबलाय, नोझल गळतंय किंवा पंपाचं टायमिंग (डिझेल फवारण्याची वेळ) मागे पडलंय. निळा धूर ऑइलचा, तो इंजिनाच्या बाजूने साक्ष देतो. सकाळी येणारा पांढरा, डोळे चुरचुरवणारा धूर मात्र दोन्हीकडे बोट दाखवतो, त्यावर एकट्यावर निकाल देता येत नाही.

दुसरी खूण गार आणि गरम इंजिनाची, आणि माझा सगळ्यात जास्त भरवसा हिच्यावर आहे. रिंगा (पिस्टनभोवतीची कडी) झिजलेलं इंजिन सकाळी छळतं: हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना आत ऊब देणारे) चांगले असूनही खूप वेळ सेल्फ मारावा लागतो, तापलं की मात्र बरं चालतं. झिजलेला डीपीए पंप (या गाडीतला फिरत्या रोटरचा इंजेक्शन पंप) नेमका उलटा वागतो. गार असताना चटकन सुरू, पण तापल्यावर बंद केलं की पुन्हा सुरूच होत नाही. गरम डिझेल पातळ होतं आणि रोटरच्या झिजेतून निसटतं. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून थोडं थांबा. त्यानंतर गाडी सुरू झाली तर पंप गेलाय, आणखी पुरावा नको. एक गोम आहे: सकाळचा त्रास हँड प्रायमर (डिझेल हाताने पुढे ढकलायची कळ) मारल्यावर नाहीसा होत असेल, तर तो रिंगांचा नाही, कुठेतरी डिझेलची लाइन हवा घेते आहे.

ही लाइन तपासण्याची पद्धत सोपी आहे. स्वच्छ डिझेलचा डबा बॉनेटजवळ पंपापेक्षा उंच टांगा, तिथून थेट फिल्टरला नळी द्या, लाइनमधली हवा काढा आणि गाडी चालवून पाहा. जोर परत आला तर दोष टाकी, नळ्या, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा) यांत आहे. टाकीच्या झाकणाचं बारीक भोक बुजलं तरीही हेच होतं.

एखादाच सिलिंडर कच्चा वाटत असेल तर आयडलवर एकेका नोझलच्या पाइपचा नट किंचित सैल करा. ज्याने आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. त्याचं नोझल शेजारच्याशी बदला, तांब्याचे वॉशर नवे घालून. दोष नोझलबरोबर गेला तर काम स्वस्तात निपटलं. तिथेच राहिला तर कॉम्प्रेशन मोजायला हवं. बाहेर काढलेल्या नोझलच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नका, तो कातडीत शिरतो.

कॉम्प्रेशन मोजताना चारही सिलिंडरमधला फरक पाहा. कमी आकडा आला की चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजायची पेट्रोलवाली युक्ती इथे चालत नाही. 23:1 कॉम्प्रेशनच्या एवढ्याशा जागेत ऑइल पडलं की आकडा तसाही वाढतो. त्यापेक्षा चालू इंजिनावर ऑइल भरण्याचं झाकण उघडा. तिथून धक्क्याधक्क्याने वाफ मारत असेल तर रिंगा किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत) गेलाय.

दोन्हीही गेल्याचं दिसलं तर? मी आधी पंप-नोझल करेन, टेस्ट बेंच असलेल्या पंपवाल्याकडे. गळक्या नोझलवर नवं इंजिन बांधलं तर ते डिझेल बोअरवरचं ऑइल धुऊन काढतं आणि नव्या रिंगा वाया जातात. पंप करून गाडी थोडी जरी सुधारली, तरी इंजिनाचं काम सावकाश, सुटे भाग जमवून करता येतं. मात्र पंपाचा स्क्रू फिरवून ‘पिकअप काढून देतो’ म्हणणाऱ्याला हात लावू देऊ नका. झिजलेल्या इंजिनात जास्त डिझेल ओतलं तर चार दिवस बरं वाटतं, मागे काळा धूर सुटतो आणि हेड तापायला लागतं.