घरामागची माती धरायला कोणती भिंत? खान्देशातल्या प्लॉटसाठी खर्चाची तुलना

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये पहाटे पाचला मावसभावाचा फोन आला. "भाऊ, भीत पडनी." धुळ्याजवळ नाल्याच्या कडेला त्याचं घर. प्लॉट खोलगट होता म्हणून चार फूट भराव टाकून वर केलेला, आणि तो भराव धरायला नऊ इंची विटेचं कंपाउंड. तीन दिवस झड लागली, चौथ्या दिवशी भिंत नाल्यात. नशिबाने मागे कोणी झोपलेलं नव्हतं. मी लहानसहान घरबांधणीची कामं करतो, आणि ती भिंत बांधली जात असताना तिथून दोनदा गेलो होतो. बोललो नाही. म्हणून आता सविस्तर लिहितोय.

कंपाउंडची भिंत आणि माती धरणारी भिंत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपाउंडला फक्त स्वतःचं वजन पेलायचं असतं, माती धरणाऱ्या भिंतीला मागून रात्रंदिवस रेटा असतो. हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो. मागे कोरडा मुरूम असेल तर पाच फुटी भिंतीला दर मीटर लांबीमागे साधारण सातशे किलोचा रेटा बसतो. तीच भिंत दहा फुटी केली की रेटा चौपट, आणि भिंतीला उलथवणारा जोर आठपट. मुरमाच्या जागी पाणी भरलेली माती आली की पाच फुटांवरही रेटा जवळपास दुप्पट होतो. विटेची नऊ इंची भिंत या हिशेबात कुठेच बसत नाही, म्हणून खालच्या तुलनेत ती घेतलेलीच नाही.

तुलनेसाठी एकच माप धरलं आहे: तीस फूट लांब, पाच फूट माती धरणारी भिंत, पाया तीन फूट खोल. सिमेंटची गोणी ३७० रुपये, लोखंड ६२ रुपये किलो, दगड ३,८०० आणि खडी ४,००० रुपये ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट), वाळू ७,००० रुपये ब्रास. हे मी हिशेबासाठी धरलेले दर आहेत. तुमच्या गावचे दर घालून आकडे फिरवून घ्या, त्यासाठीच मालाचं प्रमाणही देतो. हातात जुनं कोटेशन असेल तर तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे.

दगडी भिंत की आरसीसी?

खरी ओढाताण या दोघांतच असते, म्हणून इथे जरा थांबू.

दगडी भिंत स्वतःच्या वजनावर उभी राहते. वर दीड फूट, जमिनीपाशी तीन फूट, पाया साडेतीन फूट रुंद. तीस फुटांना सुमारे सहा ब्रास बांधकाम आणि खाली सहा इंच पीसीसी, म्हणजे लोखंडाशिवायचं साधं काँक्रीट. सिमेंट पस्तीस गोण्या, दगड साडेसात ब्रास. दगड, वाळू, सिमेंट, मजुरी धरून ब्रासला चौदा हजार पडतात. म्हणजे बांधकाम ८४ हजार, पीसीसी आठ हजार.

आरसीसीत, म्हणजे लोखंड घातलेल्या काँक्रीटमध्ये, आठ इंची उभी भिंत आणि पाच फूट रुंद पायाचा स्लॅब. काँक्रीट साडेसात घनमीटर, लोखंड सहाशे ते साडेसहाशे किलो, सिमेंट पीसीसीसह चौसष्ट गोण्या. काँक्रीट ४८ हजार, लोखंड बांधणीसह ४५ हजार, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) २१ हजार, पीसीसी आठ हजार. बेरीज १ लाख २२ हजार.

तीस हजारांचा हा फरक बघून लोक लगेच दगडाकडे वळतात. थांबा. आधी तुमचं गाव तापीच्या कुठल्या अंगाला आहे ते बघा. धुळे, साक्री, चाळीसगाव या पट्ट्यात काळा दगड बऱ्याच ठिकाणी उथळ आहे, दोन-चार फुटांवर मुरूम लागतो. धुळे-नंदुरबारकडे तर जमिनीतून उठलेल्या काळ्या दगडाच्या लांबच लांब नैसर्गिक भिंती मैलोन्‌मैल दिसतात. तिथे वजनदार दगडी भिंतीला पाया मिळतो आणि दगडही जवळून येतो. चोपडा, यावल, रावेरकडचा तापीकाठ वेगळा. नदीने आणून टाकलेली गाळाची माती तिथे इतकी खोल आहे की तीन फुटांवर मुरूम शोधत बसण्यात अर्थ नाही. अशा जमिनीवर जड दगडी भिंत हळूहळू पुढे कलते. पायाचा स्लॅब रुंद असला की वजन पसरतं, शिवाय स्लॅबच्या मागच्या भागावर बसलेली तुमचीच माती भिंतीला दाबून धरते. तिथे आरसीसीचे तीस हजार जास्त गेले तर जाऊ द्या.

जागेचाही हिशेब आहे. दगडी भिंत दहा फुटांची करायची तर पाया साडेसहा फूट रुंद होतो आणि खर्च याच दराने अडीच लाखांवर जातो. आरसीसीचा तीन लाखांच्या आसपास. पण आरसीसीचा मागचा स्लॅब जमिनीखाली असतो, त्याच्यावरची जागा तुम्हाला वापरता येते. तीस बाय चाळीसच्या प्लॉटवर हा फरक छोटा नाही. मात्र स्लॅबचा पुढचा भाग शेजाऱ्याच्या हद्दीत जाता कामा नये. यावरून भांडणं झालेली मी पाहिली आहेत.

कारागिराचं म्हणाल तर सेंट्रिंगवाले कुठेही मिळतात. दगडाचा सांधा मोडून, मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालून नीट भिंत रचणारे वडार कारागीर आता कमी राहिले आहेत. तसा हात मिळत नसेल आणि दोन्ही बाजूंनी दगड लावून मधे चुरी भरणारा गवंडी असेल, तर ती भिंत स्वस्तातसुद्धा घेऊ नका. असं पोट भरलेलं काम पाण्याने फुगून फुटतं.

जाळीतले दगड

गॅबियन म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या तारेच्या षटकोनी विणीच्या पेट्या, आत हाताने रचलेले दगड. आपल्या मापाला सोळा-सतरा घनमीटर लागतात. जाळी, दगड, मजुरी धरून घनमीटरला तीन हजार पकडले तर पन्नास हजार. सिमेंट नाही, पाणी मारणं नाही, आणि पाणी अडतच नाही. जमीन थोडी खचली तर पेटी वाकते पण तुटत नाही. नाल्याकाठी किंवा शेतातल्या घरामागे मी हाच पर्याय आधी सुचवतो. तोटे दोन: एक मीटर रुंदी जाते, आणि अंगणातून दिसायला तो लोकांना आवडत नाही. दुकानात मिळणारी कुंपणाची साधी जाळी यासाठी चालत नाही. पेटी घेताना ती गॅबियनचीच, दुहेरी पिळाची आहे का ते हातात घेऊन बघा.

जागा असेल तर भिंतच लहान करा

मागे पाच-सहा फूट सोडता येत असतील तर पाच फुटांची एक भिंत बांधण्याऐवजी अडीच-अडीच फुटांच्या दोन कोरड्या दगडी पायऱ्या करा. मधे किमान पाच फूट अंतर ठेवा. अडीच फुटांवर रेटा चौथाईवर येतो. दगड सव्वातीन ब्रासच्या आसपास, खर्च पंचवीस हजार. काळ्या मातीत अशी भिंत थोडी हलते, पण सिमेंटच नसल्याने तडे जात नाहीत, आणि निसटलेला दगड घरातला माणूस परत बसवतो. मधल्या पट्ट्यात लिंबू, कढीपत्ता लावता येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे डोंगरउतारावरच्या घरांना मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

कोटेशनमध्ये नसलेले पंचवीस हजार

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते. मावसभावाची भिंत नुसती पातळ होती म्हणून पडली नाही. तिच्यामागे खोदाईतलीच काळी माती परत लोटलेली होती. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते. भेगांतून पाणी थेट तळाला जातं, तिथे अडतं, आणि फुगलेली माती व साचलेलं पाणी दोन्ही मिळून भिंतीला ढकलतात. कोकणाच्या मानाने आपल्याकडे पाऊस थोडा, म्हणून लोक पाणी निघायची सोय टाळतात. पण भिंत पडायला झडीचे तीन दिवस पुरतात.

म्हणून भिंत दगडी असो वा आरसीसी, मागे फूटभर रुंद खडीचा थर, खडी आणि माती यांच्यामध्ये पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं जिओटेक्स्टाइलचं कापड, दर पाच फुटांवर तीन-चार इंची पाइपची भोकं बाहेरच्या बाजूला उतार देऊन, आणि त्यामागे काळ्या मातीऐवजी थराथराने ठोकलेला मुरूम हवा. खडी दीड ब्रास, मुरूम सहा ब्रास. कापड-पाइपसह वीस-बावीस हजार, जेसीबीचे चार-पाच हजार वेगळे. हे धरलं की दगडी भिंत १ लाख २० हजारांच्या आसपास जाते, आरसीसी दीड लाखाच्या. गॅबियनला पाइप आणि खडी लागत नाही, कापड-मुरमासह सत्तर हजारांच्या आत बसतं. दोन पायऱ्या चाळीस हजारांत. कंत्राटदाराने या ओळी कोटेशनमध्ये लिहिल्या नसतील तर त्याचं कोटेशन स्वस्त नाही, अर्धवट आहे. पैसे कमीच असतील तर भिंतीची लांबी किंवा प्लास्टर कमी करा, हा थर कमी करू नका.

मुरूम-दगडाची रॉयल्टीची पावती मागा. नाल्याकाठी बांधणार असाल तर खोदाईआधी ग्रामपंचायत किंवा पालिकेत विचारा. चार फुटांच्या वर, किंवा भिंतीच्या वरच्या अंगाला घर, टाकी, गाडी उभी राहणार असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून नकाशा करून घ्या. माझे वरचे आकडे बजेट ठरवायला आहेत, त्यावरून लोखंड बांधू नका.

काम जानेवारी-फेब्रुवारीत धरा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसला टेकतो, काँक्रीट बघता बघता वाळतं आणि नेमकं तेव्हाच टँकरचं पाणी विकत घ्यावं लागतं. सिमेंटच्या कामाला किमान सात ते दहा दिवस पाणी हवं, आणि भिंत पक्की होण्याआधी मागे भराव लोटू नये.

मावसभावाने शेवटी दगडीच बांधली, साडेतीन फुटांवर मुरूम लागला म्हणून. नाल्याकडच्या दहा फुटांना गॅबियन केलं. दरवर्षी आखाजीनंतर (अक्षय तृतीयेनंतर) तो प्रत्येक पाइपात सळई घालून माती आणि उंदरांनी भरलेला कचरा काढतो, मग पावसाची वाट बघतो.