मागचे शॉक बदलताना: आधी स्प्रिंग ठरवा, शॉक नंतर

डबलसीट बसलं की गाडी मागून बसते, साध्या गतिरोधकावरही खालून ठण्ण आवाज येतो, वळणात मागचं चाक हेलकावे खातं. अशी गाडी चालवणाऱ्याने नवे शॉक शोधायला सुरुवात केली की चार-पाच प्रकार समोर येतात आणि नजर हटकून गॅसची डबी असलेल्या शॉकवर थांबते. माझं मत वेगळं आहे. डबी हवी की नको हे अगदी शेवटी ठरवावं. तुमच्या वजनाला स्प्रिंग किती कडक हवी हे आधी ठरलं नाही, तर महागातला महाग शॉकही चुकीचाच बसतो.

त्याआधी एक तपासणी करून घ्या. गाडी मधल्या स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरा आणि आडवं हलवून पाहा. खडखड जाणवली तर दोष चिमट्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, बुशमध्ये किंवा चाकाच्या बेअरिंगमध्ये असू शकतो. तसं असेल तर नव्या शॉकने हेलकावे जाणार नाहीत.

मोजमाप: तीन आकडे

मागचं चाक अधांतरी असताना अॅक्सलपासून सरळ वर, सीटखालच्या एखाद्या बोल्टपर्यंतचं अंतर घ्या. मग गाडी स्वतःच्या वजनावर उभी करून तेच अंतर घ्या. तिसऱ्यांदा नेहमीच्या कपड्यांत, हेल्मेट घालून गाडीवर बसा आणि दुसऱ्या कोणाला तरी मोजायला सांगा. समजा आकडे ५४०, ५३० आणि ५०८ मिमी आले. म्हणजे रिकामी गाडी १० मिमी बसते आणि तुमच्यासकट ३२ मिमी. चाकाचा एकूण प्रवास, म्हणजे ते वरखाली जितकं हलू शकतं ते अंतर, १०० मिमी असेल तर हे चांगलं आहे. रस्त्यावरच्या गाडीला चालकासह एकूण प्रवासाच्या पाव ते तिसरा हिस्सा बसणं योग्य मानतात, आणि रिकाम्या गाडीने थोडं तरी बसायला हवं.

या दोन आकड्यांची जोडी मला फार महत्त्वाची वाटते, कारण मी स्वतः इथेच फसलो होतो. माझं वजन ९२ किलो. मूळ शॉकची रिंग, म्हणजे फिरवून स्प्रिंग आधीपासून दाबून ठेवणारी कडी, मी शेवटच्या पायरीवर नेली, बसून मोजलं तर ३० मिमी आलं, आणि मला वाटलं जमलं. पण रिकामी गाडी एक मिमीही बसत नव्हती. उंचवट्यावरून चाक हलकं झालं की शॉक पूर्ण लांब होऊन टक् असा आवाज यायचा. स्प्रिंग मऊच होती, मी फक्त ती आधीपासून दाबून ठेवली होती. रिंग फिरवल्याने स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची उंची तेवढी बदलते. म्हणून खूण लक्षात ठेवा: चालकासह आकडा बरोबर पण रिकाम्या गाडीचा शून्य, तर स्प्रिंग मऊ आहे. चालकासह बरोबर पण रिकामी गाडी फारच बसते, तर स्प्रिंग कडक आहे. हे दुसरं वाक्य पहिल्यांदा उलटं वाटतं. पण कडक स्प्रिंगला तेवढं बसवायला रिंग जवळजवळ पूर्ण सैल ठेवावी लागते, म्हणून रिकामी गाडीही खाली जाते.

मऊ की कडक

स्प्रिंगचा कडकपणा न्यूटन प्रति मिमीमध्ये देतात, काही जण किलो प्रति मिमीमध्ये. १ किलो/मिमी म्हणजे सुमारे ९.८ न्यूटन/मिमी, किंवा ५६ पौंड/इंच. दोन शॉकच्या गाडीवर दोन्ही स्प्रिंग मिळून भार घेतात. एक तुलना पाहा. एका जोडीत प्रत्येकी १८, दुसरीत प्रत्येकी २२ न्यूटन/मिमी. शॉक अॅक्सलच्या थोडे पुढे बसवलेले, चाक १.१ मिमी हललं की शॉक १ मिमी दबतो असं धरू. मागच्या चाकावर ६० किलो वाढले की पहिल्या जोडीवर गाडी जवळपास २० मिमी आणखी बसेल, दुसऱ्या जोडीवर १६. ४ मिमी ऐकायला किरकोळ वाटतात. पण १०० मिमी प्रवासातले ३२ आधीच गेले आहेत आणि उरलेल्यातच खड्डा सोसायचा आहे.

रोज एकटे फिरत असाल आणि महिन्यातून दोनदा कोणी मागे बसत असेल, तर एकट्याच्या वजनाला जुळणारी मऊ जोडी घ्या आणि त्या दोन दिवसांपुरती रिंग दोन पायऱ्या वर न्या. रोजच डबलसीट असेल किंवा सामानाच्या पेट्या कायम लावलेल्या असतील, तर कडक घ्या. वर्षातून एकदा होणाऱ्या लांबच्या प्रवासासाठी कडक स्प्रिंग घेऊन उरलेले दिवस कंबर दुखवून घेण्यात काही अर्थ नाही.

छाप नसलेली स्प्रिंग हातात आली तर व्हर्नियरने तार मोजा. कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चालतो. बाकी सगळं तेच ठेवून ८ मिमीची तार ८.५ केली तर स्प्रिंग सुमारे २७ टक्के कडक होते. नुसत्या डोळ्यांनी हा अर्धा मिलिमीटर दिसत नाही.

एकाच शॉकच्या गाडीवर आकडे मोठे असतात, त्याने घाबरू नका. चाक २.५ मिमी हलल्यावर शॉक १ मिमी दबत असेल, तर १०० न्यूटन/मिमीची स्प्रिंग चाकापाशी १६ इतकीच भासते, कारण भागाकार २.५ च्या वर्गाने होतो. म्हणून दुसऱ्या मॉडेलचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

सरळ की चढती

सरळ स्प्रिंगचे वेढे सारख्या अंतरावर असतात. चढत्या स्प्रिंगचे एका टोकाला दाट असतात. ते दबून एकमेकांना टेकले की उरलेली स्प्रिंग कडक लागते. कधी एकटे, कधी डबलसीट, आणि दर वेळी रिंग फिरवायचा कंटाळा, अशांना चढती सोयीची. मला स्वतःला सरळ आवडते, कारण डॅम्पिंग, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा शॉकमधल्या तेलाचा रोध, एका कडकपणाला नीट जुळवता येतं. चढत्या स्प्रिंगवर ते एका टोकाला जुळलं की दुसऱ्या टोकाला थोडं चुकतंच.

आता शॉक

जुन्या शॉकवर नुसती नवी स्प्रिंग हा सगळ्यात स्वस्त मार्ग. शॉक सुस्थितीत असेल आणि फरक थोडा असेल तर चालतो. पण स्प्रिंग २० टक्के कडक केली की परतीचं, म्हणजे दबलेला शॉक परत लांब होतानाचं, डॅम्पिंगही साधारण १० टक्के जास्त लागतं. जुना शॉक ते देऊ शकला नाही तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा वर उसळत राहते. रॉडवर सीलजवळ तेलकट धूळ चिकटलेली दिसली, तर हा मार्ग सोडाच.

मूळसारखाच नवा शॉक: वजन मध्यम, वापर शहरातला आणि गाडी नवी असताना समाधान होतं, तर याहून जास्त काही लागत नाही.

तेल आणि गॅस एकाच नळीत असलेला शॉक छोट्या धक्क्यांवर चांगला असतो. सलग खराब रस्त्यावर तापला की तेलात फेस होतो आणि डॅम्पिंग ढिलं पडतं. गॅस वेगळा ठेवणाऱ्या शॉकमध्ये मधे तरंगता पिस्टन असतो, त्यामुळे फेस होत नाही. बाहेरच्या डबीमुळे तेलही जास्त मावतं आणि ते उशिरा तापतं. घाटातून तासन् तास भरलेली गाडी नेणाऱ्याला हा फरक नक्की कळतो. ऑफिसला जाऊन येणाऱ्याला क्वचितच. स्वस्त शॉकवर ती डबी नुसती शोभेची असू शकते, तेव्हा आत पिस्टन आहे का हे विचारून घ्या. मला निवड करायची तर डबीऐवजी परतीच्या डॅम्पिंगचा स्क्रू असलेला साधा शॉक घेईन.

लांबी मात्र मूळचीच ठेवा. १४०० मिमी व्हीलबेसच्या (दोन्ही अॅक्सलमधलं अंतर) गाडीचं मागचं टोक १० मिमी उचललं तर पुढच्या फोर्कचा कोन सुमारे ०.४ अंशाने उभा होतो. गाडी चटकन वळते, पण वेगात स्थिरता कमी होते. साइड स्टँडवर ती जास्त कलते आणि चेनचा ताणही पुन्हा पाहावा लागतो. वरच्या-खालच्या डोळ्यांचा (बोल्ट जातो त्या भोकांचा) व्यास, बुशची रुंदी, खालचं टोक डोळ्याचं की दोन पायांचं, आणि चेनकव्हर व सायलेन्सरपासूनचं अंतर, हे सगळं ऑर्डरआधी मोजून लिहून ठेवा.

शॉक बसवल्यावर रॉडवर प्लास्टिकची केबल टाय हलक्या हाताने अडकवून सीलपर्यंत सरकवा आणि आठवडाभर नेहमीच्या रस्त्यांवर चालवा. सगळ्यात मोठ्या खड्ड्यानंतरही टाय रबरी बंपरपासून ८-१० मिमी दूर थांबली तर स्प्रिंग जुळली. रोजच बंपरला टेकत असेल, तर आधी पुन्हा तीन आकडे मोजा आणि ते बरोबर असतील तरच एक पायरी कडक स्प्रिंग मागवा.