मूल चार वर्षांचं, पहिला परदेश प्रवास: हाँगकाँग की सिंगापूर?

लहान मुलांना घेऊन देशाबाहेर जायचं आणि एखादा दिवस तरी थीम पार्कचा हवा, असं ठरलं की बहुतेक घरांत शेवटी दोनच नावं उरतात: हाँगकाँगचं डिस्नीलँड आणि सिंगापूरचं युनिव्हर्सल स्टुडिओज. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमानं आहेत, साधारण साडेपाच-सहा तासांची. दोन्हीकडचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. त्यामुळे तिथे रात्रीचे साडेआठ वाजले तरी पोरांच्या लेखी संध्याकाळचे सहाच झालेले असतात आणि रात्रीचा शो ती टक्क जागी राहून पाहतात. सकाळी त्यांना उठवताना मात्र नाकी नऊ येतात.

राइड किती आहेत हे मोजत बसू नका. मुलाची उंची मोजा. प्रत्येक राइडच्या दाराशी मोजपट्टी असते आणि तिथला कर्मचारी एका सेंटीमीटरचीही सवलत देत नाही.

युनिव्हर्सलमध्ये ट्रान्सफॉर्मर्सला १०२ सेंटीमीटर लागतात, पाण्यातल्या डायनासोर सफरीला १०७, ममीच्या राइडला १२२ आणि बॅटलस्टार गॅलॅक्टिकाला १२५. लहानांसाठी म्हणून असलेल्या एन्चँटेड एअरवेजलाही ९२ हवेत. म्हणजे ज्या राइडसाठी हे पार्क नावाजलेलं आहे, त्यांतल्या बऱ्याचशा साडेतीन-चार वर्षांच्या मुलाला बाहेरूनच पाहाव्या लागतात. त्याच्या वाट्याला सेसमी स्ट्रीटची स्पॅगेटी स्पेस चेस, छोटी चक्रं आणि रस्त्यावर भेटणारी पात्रं येतात. २०२५ मध्ये मिनियन लँड हा नवा भाग उघडल्यापासून चित्र थोडं बदललं आहे, पण तिथल्याही मुख्य राइडला उंचीची अट आहेच.

हाँगकाँगला याच्या उलट. तिथे उंचीची अट असलेल्या राइड मोजक्याच: हायपरस्पेस माउंटन आणि आयर्न मॅन १०२, ग्रिझली माउंटनची खाणगाडी ११२, आरसी रेसर १२०, अशा. बाकी उडते हत्ती, फिरते कप, घोड्यांचं चक्र, बाहुल्यांमधून जाणारी होडी, पार्कभोवती फिरणारी आगगाडी हे सगळं मांडीवर बसणाऱ्या मुलालाही खुलं आहे. ‘फ्रोझन’ चित्रपटावर बेतलेल्या, नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या वर्ल्ड ऑफ फ्रोझनमधल्या होडीलाही अट नाही. घरात त्यातल्या एल्सासारखा निळा झगा घालून फिरणारी मुलगी असेल तर इथेच निर्णय झाला म्हणायचा. शिवाय हे पार्क डिस्नीच्या मानानं लहान. मोठी माणसं याला उणीव म्हणतात. ढकलगाडी घेऊन चालणाऱ्या आईबापांना विचारा.

माझं मत सरळ आहे. मूल १०५ सेंटीमीटरच्या आत असेल आणि सहलीचा जीव थीम पार्कमध्येच असेल, तर हाँगकाँग. डिस्नीलँडच्याच हॉटेलांपैकी एखाद्यात एक रात्र राहणं परवडत असेल तर जरूर राहा. दुपारी खोलीवर जायचं, मुलाला तासभर झोपवायचं आणि संध्याकाळी ताजंतवानं होऊन पुन्हा आत शिरायचं. ज्यांच्या घरात दुपारची झोप चुकली की रात्री रणांगण होतं, त्यांना याची किंमत कळेल.

पण तारखा पाहिल्याशिवाय तिकीट काढू नका, कारण आपल्या शाळांच्या सुट्ट्या इथे मोठा फरक पाडतात. मे महिन्यात हाँगकाँगला उकाडा आणि जोरदार पाऊस सुरू होतो. पुढे सप्टेंबरपर्यंत वादळांची धास्ती असते, आणि वादळाचा आठ नंबरचा इशारा लागला की शहर जवळजवळ बंद. सिंगापूर बारा महिने दमट, पाऊसही कधीही. पण युनिव्हर्सलचा बराच भाग छताखाली आहे. तिथल्या शाळांची वर्षाच्या मधली सुट्टी मेअखेरीस लागते, त्यामुळे मेचे पहिले तीन आठवडे आपल्याला सोयीचे.

दिवाळीत गणित उलटतं. हाँगकाँगची हवा तेव्हा वर्षातली सर्वांत सुखाची. १ ऑक्टोबरपासूनचा चिनी सुट्टीचा आठवडा टाळला की झालं. युनिव्हर्सलमध्ये मात्र सप्टेंबरअखेरीपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत हॅलोविनचे भुताटकीचे कार्यक्रम असतात. त्या संध्याकाळी साध्या तिकिटवाल्यांना लवकर बाहेर काढतात.

आता आजी-आजोबांबद्दल. ते सोबत असतील तर माझा कौल सिंगापूरला. तिथे चालणं सपाट आहे, लिफ्ट सगळीकडे आहेत. लिटल इंडियात १९४७ पासून चालणाऱ्या कोमला विलासमध्ये इडली मिळते. हाँगकाँगला चिम शा चुई भागात शाकाहारी भारतीय जेवण मिळतं, पण ते शोधत जावं लागतं. खोल्या अगदी चिंचोळ्या आणि शहरात चढउतार फार. शिवाय सिंगापूरला पार्क हा एकाच दिवसाचा मामला. बाकीचे दिवस मंडाईचं प्राणिसंग्रहालय, २०२३ मध्ये उघडलेलं बर्ड पॅराडाइज, गार्डन्स बाय द बे. जनावरांचं वेड असलेल्या मुलाला युनिव्हर्सल वगळलं तरी चुकल्यासारखं वाटणार नाही. हाँगकाँगला याची थोडी भरपाई ओशन पार्कचे पांडा करतात.

कागदपत्रांत हाँगकाँग स्वस्त. भारतीय पासपोर्टवर १४ दिवसांपर्यंत राहायचं तर आगाऊ ऑनलाइन नोंदणी पुरते आणि ती मोफत आहे. मात्र प्रत्येकाची वेगळी, तान्ह्या बाळाचीसुद्धा. आणि ती नाकारली गेली तर व्हिसा काढावा लागतो. म्हणून आधी नोंदणी, मग विमानाचं तिकीट. सिंगापूरला व्हिसा लागतोच, तो अधिकृत एजंटमार्फत काढायचा, फी भरून.

तिकिटाच्या वयाचाही एक बारीक फरक. डिस्नीलँडमध्ये तीन वर्षांखालचं मूल फुकट, युनिव्हर्सलमध्ये चार वर्षांखालचं. म्हणजे साडेतीन वर्षांच्या पोराचं हाँगकाँगला तिकीट काढावं लागेल, सिंगापूरला नाही. दोन्हीकडे पासपोर्टवरची जन्मतारीख चालते, तेव्हा तो दिवसभर बॅगेत असू द्या.