पाटोवरचे ग्रंथालय आणि ओवीचा चौथा चरण

गेले आठ गुरुवार मी म्हार्दोळहून बसने पणजीला येते, कदंब स्टँडवर उतरते आणि चालत पाटोवरच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन बसते. लिहिण्याची आवड असलेल्या प्रत्येकाला मी हे ग्रंथालय मनापासून सुचवेन. कशासाठी, ते जरा सविस्तर सांगते.

आईवरचा एक ललितलेख दोन वर्षे माझ्याकडे अडकून पडला होता. आमच्याकडे जायांचा, म्हणजे जाईच्या फुलांचा मळा. दुपार कलली की आई कळ्या वेचायची आणि केळीच्या सोपात ओवून फात्या, म्हणजे गजरे करायची. लेख लिहून झाला होता, पण वाचताना नुसता गोडगोड लागायचा. म्हणून एका लेखन कार्यशाळेला पैसे भरून गेले. तिथे ‘कवितेतून प्रेरणा घ्या’ म्हणत सुंदर शब्दांची यादी हातात दिली: चांदणे, दरवळ, हुरहूर. ते शब्द मी लेखात पेरले आणि लेख आणखी बिघडला. त्याचे मला अजून वाईट वाटते, कारण माझ्याबरोबर कॉलेजची मुलेही होती आणि कविता म्हणजे असले शब्द, एवढेच घेऊन ती घरी गेली.

ग्रंथालयात मी फादर स्टीफन्सचे क्रिस्तपुराण मागून घेतले आणि एका बैठकीला वीस ओव्या पेन्सिलीने वहीत उतरवू लागले. पहिल्या दिवशी हात दुखला, बाकी काही झाले नाही. तिसऱ्या गुरुवारी मात्र ओवीची चाल हातात यायला लागली. पहिले तीन चरण यमकाने एकमेकांना धरून चालतात, आणि चौथा आखूड, यमकाशिवाय, पाऊल टेकवल्यासारखा थांबतो. सगळा भार त्या आखूड चरणावर येतो. ही गोष्ट शाळेत शिकले होते, पण उतरवल्याशिवाय कळली नव्हती.

मग लेख काढला. त्यात वाक्य होते, ‘आई ज्या कळ्या वेचायची त्यांच्या सुगंधात तिचे अवघे आयुष्य दरवळत होते.’ ते खोडले. आता तिथे आहे: ‘आई कळ्या वेचायची, मोजायची, सोपात ओवायची. तिच्या केसांत एकही नसायची.’ ओवीतला एक शब्दही मी घेतलेला नाही. घेतला तो थांबा.

स्टीफन्सनेही तेच केले होते, हे मला तिथे बसून उमगले. हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला, आणि साष्टीतल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी त्याने बायबलातली कथा मराठी पुराणांच्या ओवीत बसवली. जवळपास अकरा हजार ओव्या. १६१६ साली राचोलला छापल्या. त्याच्या आधी १५२६ मध्ये केळशीच्या कृष्णदास शामाने भागवताच्या दशमस्कंधावरून श्रीकृष्णचरित्रकथा ओवीत रचली. ज्याचे नाव दारावर आहे, तोही दुसऱ्याच्या काव्यातूनच आपल्या लेखनाकडे आलेला. आमच्या गोव्यातच हे घडले, याचा मला फार अभिमान वाटतो.

ग्रंथालयाची सुरुवात १८३२ ची, पोर्तुगीज काळातली. आताची पाटोवरची इमारत २०१२ ची. गोव्याविषयीच्या पुस्तकांचा वेगळा विभाग आहे आणि लिहायला भरपूर उजेड. माझ्या शेजारच्या टेबलावर स्पर्धा परीक्षेची मुले असतात, त्यामुळे शांतता आपोआप पाळली जाते. जायचे तर सकाळी जा, पेन्सिल आणि कोरी वही घेऊन. मोबाईलवर फोटो काढू नका. फोटोत चाल सापडत नाही, ती हातानेच सापडते. आणि पहिल्याच दिवशी बा. भ. बोरकरांच्या, आमच्या बाकीबाबांच्या, कवितांकडे धाव घेऊ नका. बाकीबाब मला अतिशय प्रिय आहेत, पण त्यांचा नाद इतका गोड की आठवडाभर आपले वाक्य त्यांच्याच सुरात वाजत राहते. मी ते भोगले आहे. आधी ओवी घ्या.

लेख परवा आईला वाचून दाखवला. केसांतल्या कळीपाशी ती म्हणाली, ‘तशी एक दिसा माळतालें हांव, जत्रेक.’ तशी एक दिवस माळायची ती, जत्रेला. म्हणजे तो परिच्छेद पुन्हा लिहायला हवा. येत्या गुरुवारी अभंग उतरवायला घेणार आहे, सहा-सहा-सहा-चार अक्षरांचा. ती जत्रा बहुतेक त्याच मापात बसेल.