जुन्या पिकअपचे क्रॉस बदलले: निपलवाल्या किटचा दहा महिन्यांचा अनुभव

गाडी रिव्हर्समधून पहिल्या गिअरला टाकली की खालून ‘खट्’ असा एकच ठोका यायचा. हळू चालवताना चिमणी चिवचिवल्यासारखी बारीक कुरकुर, आणि वेग वाढला की सीटखाली थरथर. आधी चाकांचं बॅलन्सिंग करून घेतलं. काही फरक नाही. मग गाडीखाली आडवा झालो, प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या चाकांकडे नेणारा दांडा) एका हाताने धरला, दुसऱ्या हाताने योक (क्रॉस बसतो तो दोन कानांचा फाटा) धरला आणि उलटसुलट पिळून पाहिलं. क्रॉस म्हणजे दोन योक जोडणारा, अधिकच्या चिन्हासारखा चार भुजांचा सांधा. चांगल्या क्रॉसमध्ये हाताला जाणवेल असा खेळ नसतोच. माझ्या मागच्या क्रॉसमध्ये तो स्पष्ट लागत होता, आणि भुजेवर टोपीसारख्या बसणाऱ्या वाटीच्या तोंडाशी विटेच्या रंगाची कोरडी पूड जमली होती. ती पूड दिसली की समजायचं, आतलं ग्रीस कधीच संपलंय आणि लोखंड लोखंडाला खातंय.

याआधीचा सेट मी फक्त स्वस्त म्हणून घेतला होता. नाव लिहीत नाही. वर्ष व्हायच्या आत त्याची सीलं कडक होऊन चिरली आणि पाणी आत गेलं. म्हणून या वेळी किट विकत घेताना पहिलं बोट सीलवर फिरवलं. ज्याबद्दल लिहितोय त्या किटचं सील दुहेरी कडेचं आहे, दाबलं की दबतं आणि सोडलं की लगेच मूळ जागी येतं. क्रॉसच्या चारही भुजा घासून चकचकीत केलेल्या, नखाला कुठे ओरखडा लागत नाही. सर्क्लिप (वाटी जागेवर अडकवून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या कड्या) मात्र मला जरा नरम वाटल्या. पक्कडीत धरताना एक वाकली आणि नवी आणावी लागली. या किटचा एक मार्क मी त्यासाठीच कापतो.

घेण्याआधी जुना क्रॉस व्हर्नियरने मोजा. गाडीचं मॉडेल सांगून आणलेला क्रॉस जुन्या गाडीला बसेलच असं नाही, कारण मधल्या काळात कुणी शाफ्टच बदललेला असू शकतो. माझ्या वाटीचा व्यास २७ मिमी आहे आणि समोरासमोरच्या दोन वाट्यांच्या बाहेरच्या टोकांमधलं अंतर ८२ मिमीच्या जवळ. व्यास तोच पण लांबी वेगळी असेही क्रॉस मिळतात. त्यामुळे दोन्ही मापं लागतात, आणि सर्क्लिप वाटीच्या बाहेरून बसते की आतून, हेही बघावं लागतं.

निपलवाला (ग्रीस गन लावायचं तोंड असलेला) घ्यावा की सीलबंद, यावर दोन मतं आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे. निपलवाल्या क्रॉसच्या पोटातून ग्रीस जायला भोकं पाडलेली असतात, म्हणून भरीव सीलबंद क्रॉस मजबुतीत सरस. पण माझी गाडी चिखलातून आणि पाण्यातून जाते. आत शिरलेलं पाणी नव्या ग्रीसने बाहेर ढकलता येणं मला जास्त मोलाचं वाटतं. ज्याच्या हातून ग्रीस गन वेळेवर चालत नाही, त्याने सीलबंदच घ्यावा.

शाफ्ट काढण्याआधी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. शाफ्ट सुटला की गिअर गाडीला धरून ठेवत नाही. गिअरबॉक्सचा आणि मागच्या चाकांचा संबंधच तुटलेला असतो. काही जुन्या गाड्यांचा हँडब्रेकसुद्धा गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर असतो, तोही त्याच क्षणी निकामी. सपाट जागा, चाकांच्या पुढेमागे लाकडी ठोकळे, गाडी स्टँडवर. नुसत्या जॅकवर कधीही नाही.

दुसरं, खुणा. योक आणि शाफ्ट यांच्यावर पांढऱ्या रंगाची एकेक रेघ मारा आणि बसवताना रेघा जुळवा. शाफ्ट कोनात फिरतो तेव्हा एकटा क्रॉस त्याच्या पलीकडच्या भागाला एका फेऱ्यात दोनदा वेग देतो आणि दोनदा मंद करतो. दुसऱ्या टोकाचा क्रॉस नेमकं उलट करून हे हेलकावे मिटवतो, पण शाफ्टच्या दोन टोकांचे योक एका रेषेत असतील तरच. स्प्लाइनवर (शाफ्टच्या सरकत्या जोडाच्या दातांवर) एक दात चुकला तरी नव्या क्रॉससह जुनी थरथर परत येते. पुढचा योक गिअरबॉक्समधून ओढला की ऑइल गळतं, तिथे प्लॅस्टिकची पिशवी घट्ट बांधा.

वाट्या काढायला मी वाइस वापरला. एका बाजूला वाटीपेक्षा लहान गोटी (पान्याचं सॉकेट), दुसऱ्या बाजूला वाटी आत मावेल अशी मोठी गोटी, आणि सावकाश आवळत गेलो. तासभर आधी गंजावर तेल सोडून ठेवलं होतं. पुढच्या योकची एक वाटी तरीही हलेना, तिला गरम करावं लागलं. नंतर योकची भोकं बारीक पॉलिश पेपरने साफ केली.

बसवताना आमची खरी परीक्षा झाली. माझी मुलगी टॉर्च धरून बसली होती. तिसरी वाटी सरळ आत गेली आणि अचानक अडली. सर्क्लिपची खाच अर्धीच दिसत होती. मी वाइस आणखी आवळणार तेवढ्यात ती म्हणाली, “बाबा, थांबा. बाकीच्या दोन वाट्यांची खाच अख्खी दिसतेय.” वाटी परत काढली. आत बेअरिंगची एक सुई (वाटीत उभे बसणारे बारीक लोखंडी रूळ, त्यातला एक) आडवी होऊन तळाशी पडली होती. आणखी जोर लावला असता तर सुई तुटली असती आणि वाटीही गेली असती. सुया टाचणीपेक्षा जाड, एका वाटीत दोन डझनांच्या आसपास, आणि त्यांना जागेवर धरून ठेवतं ते फक्त ग्रीस. म्हणून बसवण्याआधी प्रत्येक वाटीत घट्ट ग्रीस बोटाने फिरवून लावा आणि क्रॉसची भुजा आत शिरलेली ठेवूनच वाटी दाबा. डिफरेन्शियलकडच्या (मागच्या चाकांमधल्या गिअरपेटीकडच्या) ज्या दोन वाट्या बोल्टने आवळलेल्या पट्टीखाली बसतात, त्या शेवटपर्यंत टेपने बांधून ठेवा. त्या पडल्या तर सुया मातीत शोधाव्या लागतात.

सर्क्लिप बसल्यावर क्रॉस जड फिरत होता. योकच्या कानांवर हातोडीने हलकेच ठोकलं, वाट्या सर्क्लिपला जाऊन टेकल्या आणि तो मोकळा झाला. निपलचं तोंड ग्रीस गन पोहोचेल अशा बाजूला ठेवायला विसरू नका. त्या पट्ट्या आणि त्यांचे बोल्ट मी नवे घेतले, जुन्या ताणलेल्या पट्ट्यांवर माझा भरवसा नाही.

या किटबरोबर आलेलं ग्रीस नुसतं सुया धरण्यापुरतं आहे. गाडी हलवण्याआधी गन लावलीच पाहिजे, आणि हे किटच्या खोक्यावर ठळक लिहायला हवं होतं. मी लिथियमचं २ नंबरचं ईपी (जास्त दाब सोसणारं) ग्रीस वापरतो.

दहा महिन्यांत ठोका नाही, कुरकुर नाही, खेळ नाही. मागच्या रविवारी गन लावली तेव्हा तीन सीलांतून ताजं ग्रीस आलं, चौथ्यातून येईना. गाडी थोडी पुढे घेऊन, चाकांना पुन्हा ठोकळे लावून, शाफ्ट अर्धा फिरलेल्या जागी परत गन दाबली. आधी काळपट थेंब आला, मागोमाग स्वच्छ ग्रीस.